कामगार विम्याची तीन कोटेशनं

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

आजपासून रोज लिहायचं. मोठे उद्योजक रोज लिहितात. वही खताच्या दुकानातून फुकट आलेली आहे, पानापानावर गोणीचं चित्र आहे. पण विचार माझे आहेत, म्हणून पहिल्या पानावर नाव टाकलं : शिवहार, उद्योजक.

सांगलीच्या मसाला कंपनीचा मेल आला. यंदा चाळीस टन हळद पॉलिश करून घ्यायची आहे, तुमच्या युनिटचा विचार चालू आहे. हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात दुसऱ्या कुणाला असा मेल आलेला नाही (विचारून आलो). अट एकच, कामगारांचा विमा पाहिजे. कामावर कुणाला इजा झाली तर भरपाई विमा कंपनी देते, तसला. त्याला डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात. मला माहीत होतं.

फॉर्मवर 'कामगारांची संख्या' असा रकाना होता. चौदा लिहिलं. मोहिनी म्हणाली, अहो, आपल्याकडं तर ज्ञानबा, गंगूताई आणि परमेश्वर, तिघंच. बायकोला सांगितलं, मोठ्या कंपनीला व्हिजन दाखवावं लागतं. चौदांत माझे वडील सुपरवायझर म्हणून धरले आहेत. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण अनुभव दांडगा होता.

संकल्प : बाजारातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली पॉलिसी. एकच. घाई करायची नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जीपने हिंगोलीला. विमा एजंट स्वानंद. पोरगा तिशीचा, शर्टाला कडक इस्त्री. विचारलं, कामगार किती. चौदा म्हणालो. त्याने कॅल्क्युलेटर फिरवून दाखवला. मी दोन म्हणालो. म्हणाला, सर, आत्ता चौदा म्हणालात. मी म्हणालो, सीझनल आहे. शेवटी तीन धरले. दवाखान्याच्या खर्चासकट वर्षाचे नऊ हजार आठशे. म्हणाला, आज भरलंत तर आज रात्री बारापासून चालू.

मी नुसता हसलो. पहिल्या दुकानात, पहिला भाव, आणि हो म्हणायचं? अठरा वर्षं मोंढ्यात भाव करण्यात काढली आहेत मी.

चहा अर्धा कपच दिला. नोंद केली.

१४ फेब्रुवारी

ऑनलाइन चौकशी टाकली. चार मिनिटांत फोन. निता नाव, पुण्याहून बोलत होती. नऊ हजार दोनशे. एक तास अकरा मिनिटं बोललो. म्हणाली, तुमच्याइतके प्रश्न कुणीच विचारत नाही सर. मुलगी हुशार आहे, माणूस ओळखते.

१८ फेब्रुवारी

मोबाईलवर तक्ता केला. रकाने : प्रीमियम, दवाखाना, क्लेम, चहा, बोलण्याची पद्धत. स्वानंद २६ मार्क. निता ३१ (चहा नसताना).

दुपारी ज्ञानबाने डोकं खाल्लं. शेजारच्या साखरा गावचा माणूस, पन्नाशीचा, घरी दहा-बारा शेळ्या, नऊ वर्षांपासून आपल्या पॉलिशच्या ड्रमवर आहे. ड्रम फिरवणाऱ्या मोटरच्या पट्ट्यावर लोखंडी कव्हर असतं. ते मी मागच्या वर्षी काढून ठेवलं, कारण पट्टा बदलताना दर वेळी सहा नट खोलावे लागतात. सहा नट म्हणजे वीस मिनिटं. ज्ञानबा म्हणाला, मालक, ते कव्हर काहून बसवून न्हाई राहिले? नवा पट्टा लई ओढतो. एखाद्याचा हात जाईल.

त्याला शांतपणे समजावलं. त्यासाठीच तर एवढं विम्याचं चाललंय. एकदा विमा आला की कव्हरचा प्रश्नच मिटला. त्याच्या डोक्यात शिरलं नाही. शिक्षण कमी.

२२ फेब्रुवारी

स्वानंदला मशीनचा फोटो हवा होता, कव्हर लावलेला. कव्हर सापडलं, नट सापडले नाहीत. ज्ञानबाला मागे बसवून कव्हर दोन्ही हातांनी धरायला लावलं. फोटो झकास आला. संध्याकाळी स्वानंदचा फोन. सर, कव्हरच्या कडेला बोटं दिसतायत, कुणाची? म्हणालो, डिझाईन आहे. हसला नाही. विनोदबुद्धी शून्य. वजा दोन.

२७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाच्या रांगेतच साडू शिवशंकर भेटला. तो विमा, बियाणं, ठिबक, सगळंच विकतो. रांगेत उभ्या उभ्या कोटेशन दिलं. दोनच माणसं धरायची, दवाखान्याचा खर्च वगळायचा, चार हजार सातशे! निम्म्यात! देवाच्या दारात देवानेच दिलं म्हणायचं.

दोन नावं कोणती, यावर दिवसभर विचार केला. मालक म्हणून हे निर्णय एकट्यानेच घ्यावे लागतात.

गंगूताई : हळकुंडं निवडते. वय झालंय, डोळ्यांनी कमी दिसतं. घ्यावी.
परमेश्वर : पोती उचलतो. चाळिशीचा झाला तरी वेंधळा. घ्यावा.
ज्ञानबा : नऊ वर्षांत साधं खरचटलंसुद्धा नाही. त्याचा विमा काढणं म्हणजे त्याच्या कामावर संशय घेणं. वगळला. मानानं वगळला.

त्याला सांगितलं नाही. उगाच चढून जायचा.

६ मार्च

आज खरा खेळ. निताला सांगितलं, साडू चार हजार सातशेत देतोय. ती म्हणाली, सर, त्यात दवाखाना नाही आणि एक माणूस कमी आहे. (हे तिला कसं कळलं? हुशार.) मग स्वानंदला फोन करून सांगितलं, निता सात हजारांत देतेय. ती देत नव्हती, पण भाव असाच पाडतात. स्वानंद म्हणाला, मग तिथं घ्या सर. पण घ्या.

'पण घ्या' म्हणे. उर्मट. बोलण्याची पद्धत : शून्य.

१३ मार्च

होळी. तिन्ही कोटेशनांची मुदत संपली. तिघांनाही पुन्हा मागितली. निता हल्ली स्वतःहून फोन करत नाही. लाजत असेल.

१७ मार्च

सांगलीच्या कंपनीची पहिली गाडी आली! सहा टन! विम्याचं काय, असं त्यांच्या साहेबाने विचारलं. 'पॉलिसी प्रोसेसमध्ये आहे' असा मेल टाकला. खोटं काही नाही. प्रोसेस जोरात चालू आहे.

२४ मार्च

निर्णय झाला. रविवारी पाडवा आहे, त्या दिवशी भरायचं. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. चांगल्या कामाला आठवड्याने काय होतं? मोहिनी म्हणाली, तिघांचीही नावं घाला आणि आजच भरा. तिला म्हणालो, तू अंगणवाडीचं रजिस्टर भरतेस, ते चांगलं भरतेस. प्रत्येकाचं एक क्षेत्र असतं.

२९ मार्च, शनिवार, सकाळी ९

स्वानंदचा फोन. नव्या कोटेशनचा आज शेवटचा दिवस. आज अमावास्या. त्याला म्हणालो, शिकलेले असून तुम्हाला कळत नाही का, अमावास्येला कुणी पैसे भरतं का?

इकडे ज्ञानबाचं वेगळंच. मालक, आज अमुशा हाय, ड्रम लावू नका, आमच्याकडं आज कोणी औतबी धरत न्हाई. चांगला फैलावर घेतला. धंद्यात अंधश्रद्धा चालत नाही. सांगलीची गाडी थांबलीय.

दुपारी ३

ड्रम बंद आहे.

ज्ञानबाचा उजवा हात पट्ट्यात गेला. तीन बोटं. गंगूताईने धावत जाऊन स्विच पाडला. मी दारात निताशी फोनवर होतो, होल्डवर.

ज्ञानबा ओरडला नाही. खाली बसला आणि हाताकडं बघत राहिला. गंगूताईने पदर फाडून बांधला. तिच्या अंगात एवढी चपळाई असेल असं वाटलं नव्हतं. परमेश्वरने जीप थांबवली. दोन बोटं मोटरखाली सापडली. तिसरं हळदीच्या ढिगात गेलं असावं. सहा क्विंटलचा लॉट आहे. पुन्हा चाळावा लागणार.

मी ताबडतोब स्वानंदला फोन लावला. म्हणालो, पैसे आत्ता भरतो, लगेच चालू करा. म्हणाला, सर, सकाळी अमावास्या होती ना? म्हणालो, मन बदललं. तेवढ्यात मागून गंगूताई ओरडली, मालक, फोन ठेवा की व माय, रगत थांबून न्हाई राहिलं! स्वानंदने ऐकलं.  म्हणाला, आधी त्यांना दवाखान्यात न्या, आणि फोन कट केला.

असल्या वेळी ग्राहकाचा फोन कापायचा? तक्त्यातून नाव काढून टाकलं.

३० मार्च, पाडवा

मुहूर्तावर भरले. निताकडे. तीन नावं, दवाखान्यासकट, पूर्ण नऊ हजार दोनशे. घासाघीस केली नाही. पहिलं नाव ज्ञानबाचं घातलं. पॉलिसी आज रात्री बारापासून चालू.

गंगूताईला आज सकाळी चाळणीत तिसरं बोट सापडलं. फडक्यात बांधून ती ते साखऱ्याला घेऊन गेली. सणाच्या दिवशी काम सोडून. न विचारता.

आता प्रश्न फक्त तारखेचा उरलाय. दोन दिवसांचा फरक. एवढ्यावर जग अडत नाही.

३१ मार्च

हिंगोलीला दवाखान्यात. ज्ञानबाचा हात पांढऱ्या बोचक्यासारखा. शेजारी त्याची बायको सत्यभामाबाई. दोन डझन केळी नेली होती. योजना समजावून सांगितली. अपघात उद्या, एक एप्रिलला, सकाळी साडेदहाला झाला असं सगळ्यांनी सांगायचं. विमा कंपनी पैसे देईल, ज्ञानबाला फायदा, मला फायदा, सांगलीला फायदा. कुणाचंच नुकसान नाही.

ज्ञानबा म्हणाला, मालक, बोटं तर शनिवारीच गेली.

सत्यभामाबाईने विचारलं, कागदात ह्यांचं नाव कधी घातलं? काल, पाडव्याला, मुहूर्त बघून, असं अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, मग नऊ वर्षं हे तुमच्याकडं काय करून राहिले होते?

बाईला विम्यातलं काही कळत नाही.

डॉक्टरांना केसपेपरवरची तारीख बदलायला सांगितली. त्यांनी नर्सला बोलावून मला बाहेरचा रस्ता दाखवला. केळी आत राहिली.

४ एप्रिल

परमेश्वरची तयारी घेतोय. दिवसातून पाच वेळा. कधी झालं? एक एप्रिल, सकाळी साडेदहा. पुन्हा. एक एप्रिल, सकाळी साडेदहा. पोपटासारखं म्हणतो. आपल्यात मास्तर होण्याचे गुण होते.

गंगूताई तयारीला बसत नाही. मी न्हाई खोटं बोलत म्हणते.

९ एप्रिल

विमा कंपनीचा तपासणीस आला. सभ्य माणूस, चहा नको म्हणाला. परमेश्वरला विचारलं, अपघात कधी झाला? एक एप्रिल, सकाळी साडेदहा. उत्तम. इथं कामाला कधी लागलात? एक एप्रिल, सकाळी साडेदहा. तुमची जन्मतारीख? एक एप्रिल, सकाळी साडेदहा.

तपासणीसाने सगळं लिहून घेतलं. मग गंगूताईकडं गेला. ती एकच शब्द बोलली : शनिवारी.

मशीनचेही फोटो काढले. कव्हर मी आदल्या दिवशीच बसवलं होतं, नवेकोरे नट घालून. एकूण चांगली छाप पडली.

२१ एप्रिल

क्लेम नाकारला. पॉलिसी रद्द. निताला बारा वेळा फोन केला. नंबर अस्तित्वात नाही म्हणतंय. सांगलीचा मेल आला : विमा नसल्यामुळे काम थांबवत आहोत, उरलेला माल उचलायला गाडी पाठवत आहोत.

साडू शिवशंकरला फोन केला. म्हणाला, साडूभाऊ, मी तर दोघांचंच म्हणालो होतो, तिसऱ्याचं मला काय विचारता.

१४ मे

कामगार ऑफिसातून नोटीस. सत्यभामाबाईने भरपाईसाठी अर्ज केलाय. अर्जाची नक्कल सोबत आहे. साडेतीन पानं, एक काना-मात्रा चुकलेली नाही. साखऱ्यात एवढं शिकलेलं कोण निघालं? अक्षर ओळखीचं वाटतं. मोहिनीला दाखवलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, अक्षर चांगलं आहे.

मला स्वानंदचा संशय आहे.

१९ ऑगस्ट

तारखेला गेलो. वकील केला नाही. सत्य आपल्या बाजूने असताना वकिलाचा खर्च कशाला? अधिकारी मॅडमना नम्रपणे सांगितलं की माझ्याकडे कामगारच नाहीत. घरगुती कामकाज आहे. ज्ञानबा त्या दिवशी सहज बघायला आला होता, पाहुणा म्हणून.

मॅडमनी विचारलं, सोबत कागदपत्रं? म्हणालो, नाहीत. त्यांनी फाईल उघडली. आत सांगलीच्या कंपनीला भरून दिलेला माझा फॉर्म! कामगारांची संख्या चौदा. खाली माझी सही, शिक्का. त्याखाली निताच्या पॉलिसीची प्रत. कामगार तीन. मॅडम म्हणाल्या, चौदा, तीन आणि शून्य. यातला कोणता आकडा नोंदवू?

म्हणालो, आपल्याला योग्य वाटेल तो.

ज्ञानबा बाकावर बसला होता. हात धोतराच्या सोग्यात लपवून. मला बघून उठला आणि सवयीने मालक म्हणाला. बरं वाटलं. माणूस अजून आपला आहे.

फॉर्मची प्रत घरच्या कपाटातल्या फाईलमध्ये होती. कपाटाची किल्ली मोहिनीकडे असते. चोर शोधला पाहिजे.

२० जानेवारी २०२६

निकाल लागला. भरपाई, त्यावर व्याज, वर दंड. सगळं माझ्यावर. वाचून झाल्यावर मोहिनीला म्हणालो, अपील करू. ती म्हणाली, अर्ज मीच लिहिला होता. फॉर्मची प्रतही मीच लावली.

मी म्हणालो, चहा कर.

तिने केला नाही. म्हणाली, दवाखान्यात मी गेले होते, तुम्ही जाऊन आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. सत्यभामाबाईने चार शेळ्या विकल्या तोपर्यंत. तुम्ही केळी नेली होती.

२३ जानेवारी

शेड, मशीन, मीटर सगळं मोहिनीच्या नावावर आहे. महिला उद्योजक म्हणून सबसिडी जास्त मिळते म्हणून मीच डोकं लावून केलं होतं. आता ती म्हणते, युनिट मी चालवते, ज्ञानबाचे पैसे त्यातून फेडते, तुम्ही हिशेबाला हात लावायचा नाही. गंगूताई आणि परमेश्वर लगेच परत आले. मी बोलावलं होतं तेव्हा दोघांनाही ताप होता.

तात्पुरती व्यवस्था आहे. बाईमाणसाला धंद्याचा कंटाळा लवकर येतो. मार्चपर्यंत परत माझ्याकडे येईल.

९ फेब्रुवारी, सोमवार

स्वानंद आला होता. मोहिनीने चहा दिला, पूर्ण कप. त्याने कोटेशन सांगितलं, तिने पैसे भरले. अकरा मिनिटं. तुलना नाही, तक्ता नाही, दुसऱ्या कुणाला फोनसुद्धा नाही. 

नावं लिहून घेतली. गंगूताई. परमेश्वर. ज्ञानबा, त्याला स्विचपाशी बसायचं काम दिलंय, बसून. मग स्वानंदने माझ्याकडं बघितलं आणि मोहिनीला विचारलं, मॅडम, आणि सर? मी शर्ट नीट केला. पदाचं नाव ओठांवर होतं. ती म्हणाली, त्यांचं राहू द्या. ते काय काम करतात?

२ मार्च

सीझन सुरू. हमाल मिळेना म्हणून सकाळी सत्तेचाळीस पोती मीच उतरवली. मोहिनीने मागितलं नव्हतं. मी आपणहून. मालकाला सगळी कामं यावीत.

दुपारी परमेश्वर जेवायला गेला. ड्रम भरायला माणूस नव्हता. मी उभा राहिलो. ज्ञानबा समोर खुर्चीवर, डावा हात स्विचवर ठेवून. बराच वेळ माझ्या हातांकडं बघत होता. म्हटलं, मालक ड्रमवर उभा राहिलेला बघून याला वाईट वाटत असेल.

मग म्हणाला, शिवहार, बाह्या वर कर. शर्ट ढिला हाय तुझा.

केल्या.